घरी चालू, पऱ्यावर बंद: एका पाण्याच्या पंपाचं प्रकरण

डिसेंबरात लांजा तालुक्यातल्या एका बागवाल्या काकांचा फोन आला. "मेस्त्री, पंप चालू होत नाही. दोरी ओढून ओढून भाच्याचा खांदा उतरायची वेळ आली."

पंप दोन इंची. त्याला जोडलेलं इंजिन फोर-स्ट्रोक, १६३ सीसी, दोरीने सुरू होणारं. बॅटरी नाही की सेल्फ नाही. आपल्याकडे असली इंजिनं पंपावर, जनरेटरवर, छोट्या टिलरवर सगळीकडे दिसतात. त्यांची बांधणी जवळपास एकच असल्यामुळे ही हकिकत फक्त पंपवाल्यांपुरती नाही.

काकांनी दोन पावसांपूर्वी कातळाच्या कडेला हापूसची नवी कलमं लावली आहेत. पहिली दोन-तीन वर्षं त्यांना उन्हाळ्यात पाणी घालावंच लागतं. पाऊस ओसरला की पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, गोणी रचून वनराई बंधारा घालायचा, अडलेलं पाणी पंपाने वर टाकीत चढवायचं आणि तिथून कलमांना सोडायचं, असा त्यांचा क्रम. मेअखेर पंप पडवीत जातो आणि डिसेंबरात बाहेर निघतो. मध्ये अख्खा पावसाळा.

असं यंत्र आलं की हात लावण्याआधी मी विचारतो, शेवटचं बंद कसं पडलं होतं? दिवा मालवावा तसं एका क्षणात गेलं असेल तर मी आधी करंटकडे, म्हणजे प्लगच्या ठिणगीकडे, बघतो. खोकत, आचके देत, चोक ओढल्यावर थोडं सावरत गेलं असेल तर पेट्रोलकडे. काका म्हणाले, यातलं काहीच नाही. मे महिन्यात झकास चालत होतं, स्विच बंद करून पडवीत ठेवलं. "मग पेट्रोल?" "टाकीत होतं अर्धंअधिक. फुकट कशाला घालवायचं?"

उत्तराचा निम्मा भाग तिथेच मिळाला होता. उरलेल्या निम्म्यासाठी मला पुढे चार दिवस आणि एक फेरी पऱ्यापर्यंत मारावी लागली.

माझ्याकडे यायच्या आधी पंपावर दोन जणांचे हात फिरून गेले होते. भाच्याने यूट्यूबवर बघून प्लग काढला, पुसला, लावला, टाकी रिकामी करून पुन्हा भरली. मग शहरातल्या एका गॅरेजमध्ये नवीन प्लग पडला, कार्बोरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा, स्क्रू इकडेतिकडे फिरवला गेला आणि "कार्बोरेटर नवीनच टाका" असा निकाल मिळाला. आधी कोणी काय काय केलं हे विचारून लिहून ठेवावं. मी विचारलं होतं, पण भाच्याने टाकी रिकामी केली तरी कशी, हे विचारायचं राहिलं. ते पुढे महागात पडलं.

पहिला दिवस

पंप दुकानात काँक्रीटच्या ओट्यावर ठेवला. स्विच, पेट्रोल कॉक, चोक बघून घेतले. हसू नका, या तिघांतलंच काहीतरी चुकलेलं असतं अशी यंत्रं दर हंगामात दोन-तीन तरी येतात. सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारली, कारण पावसाळाभर पडून राहिलेल्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर बांधते आणि इंजिनाचा श्वासच कोंडतो. इथे ते नव्हतं. दोरी हळू ओढून बघितली तर एका जागी चांगला जोर लागत होता, म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, ठीक. गेज लावलं नाही. या इंजिनांच्या कॅमवर दोरी हलकी जावी म्हणून डिकॉम्प्रेशनची सोय असते. दोरी ओढताना ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, म्हणून गेज कमीच दाखवतं आणि माणूस उगाच रिंगांच्या मागे लागतो.

प्लग काढला. ओला होता. बरेच जण फसतात ते या जागी. प्लग ओला म्हणजे पेट्रोल येतंय, म्हणजे दोष करंटचा, असं गणित मांडलं जातं. गॅरेजने नवीन प्लग टाकला तो याच गणिताने. पण ओला कशाने आहे ते नाकाला विचारावं. या प्लगला पेट्रोलचा झणझणीत वास नव्हता. गोडसर, स्पिरिटसारखा येत होता.

करंट बघितला. प्लग कॅपमध्ये घालून त्याची कड हेडच्या उघड्या धातूला टेकवायची आणि दोरी ओढायची. प्लगच्या भोकापासून लांब, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. ठिणगी निळी, कडक आवाजाची होती. उघड्या हवेत पडणारी ठिणगी कॉम्प्रेशनखाली पडेलच असं नाही, म्हणून माझ्याकडे रुंद फटीचा टेस्टर आहे. त्यावरही ठिणगी पडली. करंट आहे, असं वहीत लिहिलं. हे वाक्य मी पुढे तीन दिवस पोथीसारखं धरून बसलो होतो.

मग चमच्याची परीक्षा. अर्धा चमचा ताजं पेट्रोल प्लगच्या भोकातून आत, प्लग घट्ट, कॅप लावून दोरी. इंजिन भडभडलं, दोन सेकंद चाललं आणि गेलं. करंट, कॉम्प्रेशन, टायमिंग हे सगळं कामापुरतं शाबूत आहे आणि कार्बोरेटर आत पाठवतोय ते पेट्रोल जळत नाही, एवढं त्या दोन सेकंदांत कळलं. एक पैसा न खर्चता अर्धं इंजिन संशयातून सुटतं. माझ्या मते लहान इंजिनाची याहून चांगली परीक्षा नाही.

कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन बोल्ट दहाच्या पान्याने सोडला आणि काचेच्या बरणीत धरलं. वाटीतून आलं ते एकजिनसी दिसलं, पण पेट्रोल नव्हतं. मग टाकीतलं सगळं पारदर्शक कॅनमध्ये काढलं. साधारण दीड लीटर भरलं. पाच मिनिटांनी कॅनमध्ये दोन थर स्पष्ट दिसायला लागले. खालचा पाव भाग वेगळा, मध्ये सरळ रेघ. ड्रॉपरने पाण्याचे थेंब सोडले. ते वरच्या थरातून गोळी होऊन खाली गेले आणि खालच्या थरात शिरताच दिसेनासे झाले. खालचा थर म्हणजे पाणी आणि इथेनॉल.

"पण भाच्याने नवीन पेट्रोल भरलं होतं ना?" काका म्हणाले. भरलं होतं. पण आधीचं त्याने काढलं होतं ते घरातल्या कॅनमध्ये, आणि नवीन म्हणून भरलं तेही त्याच कॅनमधून. त्यात मेमधलं उरलेलंही होतं. टाकीच्या तळाशी राहिलेलं आणखी वेगळं.

पाणी कुठून आलं? दमट हवेतून थोडं येतं खरं, पण एवढं नाही. पंप पडवीत कुठे ठेवला होता ते विचारल्यावर उलगडलं. अगदी कडेला, पागोळ्यांखाली. चार महिने पागोळ्या टाकीच्या झाकणावर पडत होत्या. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतंच, त्याशिवाय पेट्रोल खाली उतरणार नाही. त्याच वाटेने पाणीही गेलं.

हे पूर्वीच्या पेट्रोलमध्येही झालं असतं, पण वेगळ्या रीतीने. निव्वळ पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही. पाणी तळाशी थेंबाथेंबाने बसायचं, वाटी काढून सांडली की काम झालं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. देशात १० टक्क्यांचं मिश्रण २०२२ मध्ये गाठलं गेलं, २० टक्केवालं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर आलं, आणि त्याचं देशभराचं उद्दिष्ट २०३० चं होतं ते पाच वर्षं अलीकडे ओढलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी असेल तर ते विरघळलेलंच राहतं आणि इंजिनातून जळून निघूनही जातं, हा फायदाच म्हणायचा. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवतं, म्हणजे लीटरला ५ मिली. २० टक्केवालं त्याहून जास्त. पण मर्यादा ओलांडली की पाणी एकटं खाली जात नाही, इथेनॉललाही ओढून नेतं. चार चमचे पाणी शिरलं की तळाशी कपभर थर तयार होतो तो असा. आणि पेट्रोल कॉक उघडतो तळाशी.

त्या थरावर इंजिन का चालत नाही? एक तर थंडीत त्याची वाफ नीट होत नाही. दुसरं, पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला जेमतेम ९. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, कापलेले असतात ते पेट्रोलच्या हिशेबाने. त्यातून आलेलं पाणीमिश्रित इथेनॉल हवेच्या मानाने फारच अपुरं पडतं.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी बघायचं असेल तर १०० मिलीच्या खुणा असलेली उभी बाटली घ्या. २० पर्यंत पाणी, वर १०० पर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा आणि ठेवून द्या, अर्थात चुलीपासून लांब. पाण्याची रेघ २० वरून ३५ च्या आसपास चढली तर तुमच्या ८० मिलीत सुमारे १६ मिली इथेनॉल होतं, म्हणजे २० टक्के. काकांच्या ताज्या पेट्रोलवर हे करून दाखवलं. रेघ चढताना बघून काका म्हणाले, "म्हणजे ऊस तिकडे कोल्हापूरला पिकतो आणि शिरतो माझ्या पंपात."

कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाला पांढरट लगदा होता, पाणी आणि इथेनॉल मिळून धातू खातात त्याचा. मेन जेट अर्धा बुजलेला. पायलट जेट, म्हणजे बाजूला प्लास्टिकच्या टोपीखाली बसवलेला बारीक जेट, पूर्ण बंद. त्याचं भोक इतकं बारीक असतं की शिवणाची सुई घुसवली तर भोकच मोठं होईल. वायरीतली तांब्याची एक तार, कार्ब क्लीनर आणि मागून हवा, एवढ्यावर भागवावं. एवढं करून जेटमधून आरपार उजेड दिसला तरच परत बसवायचा. फ्लोट, सुई तपासली. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधली दोन गॅस्केटं ज्या बाजूने निघाली त्याच बाजूने बसवली. ती उलटी बसली की त्यातलं बारीक भोक झाकलं जातं, आणि मग माणूस जेट साफ करत बसतो.

एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आतला फोम तेलाने थबथबलेला. डब्याच्या तळाशीही तेल साचलेलं. कोणीतरी फोमला वाजवीपेक्षा जास्त तेल चोळलं असणार असं मी धरून चाललो, फोम धुतला, पिळला, वाळवला, डबा पुसला. वहीत लिहिलं, "फिल्टर साफ". हे तेल आलं कुठून, हा प्रश्न मनात आला नाही. तेलाची काडी मी काढून बघितली होती. काडीला तेल वरपर्यंत होतं. ठीक.

टाकी दोनदा धुतली, ताजं पेट्रोल घातलं. ड्रममध्ये पाणी भरून पंपाचा पाइप त्यात सोडला, कारण असला पंप कोरडा फिरवला तर पाण्याचं सील मिनिटांत जळतं. दुसऱ्या दोरीला इंजिन धरलं. वीस मिनिटं चाललं, चोक काढला, वेग कमीजास्त केला, बंद करून गरम असताना पुन्हा लावलं. निर्दोष. काका खूश, मीही.

दुसरा आणि तिसरा दिवस

दुपारी फोन. "मेस्त्री, पुन्हा तेच. एक आवाजसुद्धा देत नाही."

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते टाकीतला राहिलेला कचरा. वाटी सोडून बघायला सांगितलं. स्वच्छ पेट्रोल आलं. तरी मी म्हटलं, घेऊन या. संध्याकाळी छोट्या हत्तीतून पंप आला, ओट्यावर ठेवला, आणि मी दोरी ओढली तर पहिल्याच झटक्यात सुरू! काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भाचा खालच्या आवाजात म्हणाला, "तिकडे मी चाळीस वेळा तरी ओढली असेल."

या टप्प्यावर मी त्यांच्यावर अविश्वास दाखवला नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. बाकी मी जे केलं ते अंदाजपंचे होतं. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी प्लगची कॅप सैल पडत असेल म्हणून कॅप बदलली. वायर हलवून, वाकवून बघितली. ठिणगी तयार करणारी कॉइल आणि मॅग्नेटचं चाक यांच्यातली फट तपासली, अर्धा मिलीमीटरच्या आत, बरोबर. पंप अर्धा तास चालवला. परत पाठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन. तेच.

काकांच्या गड्याने तोवर निदान करून टाकलं होतं. बंधारा घालताना यंदा जागेच्या राखण्याला नारळ दिला नाही, गाऱ्हाणं घातलं नाही. यंत्र घरी चालतं, दुकानात चालतं, फक्त त्या जागेवर चालत नाही, मग दोष यंत्राचा कसा? जागेचा आहे. काका हे मला हसत हसत सांगत होते, पण पुरतं हसतही नव्हते. फोन ठेवल्यावर वाटलं, नारळाचं सोडा, पण त्याचं निरीक्षण माझ्यापेक्षा सरळ आहे. मी तीन दिवस यंत्र बघत होतो. जागा मी अजून बघितलीच नव्हती.

चौथा दिवस, पऱ्यावर

पऱ्याच्या काठाला उतार. पंप वर सपाटीवर का ठेवला नाही हे विचारायची गरज नव्हती. पंप पाणी ढकलू शकतो लांब, ओढू शकतो थोडं. ओढण्याचं काम खरं तर हवेचा दाब करतो, आणि त्याची कमाल सिद्धांतात साधारण १० मीटर, प्रत्यक्षात सहा-सात. शिवाय काकांचा ओढीचा पाइप आखूड. म्हणून पंप पाण्याच्या जवळ, काठाच्या उतारावरच ठेवावा लागतो. दोन पाय दगडावर, दोन मातीत.

दोरी ओढली. चूपचाप. प्लग काढला तर ओला, आणि वास यावेळी खऱ्या पेट्रोलचा. हेडला टेकवून दोरी ओढली. ठिणगी नाही. पुन्हा ओढली. नाही. दुकानात तीनदा बघितलेला कडक निळा करंट इथे गायब होता. वहीतल्या "करंट आहे" पुढे मला "ओट्यावर" असं लिहायला हवं होतं.

या इंजिनांमध्ये करंट बंद करायची रीत सोपी आहे. कॉइलची एक वायर बॉडीला टेकली की ठिणगी मरते. स्विच तेच करतो. म्हणून कॉइलपासून स्विचकडे जाणारी वायर मधल्या जोडावर सोडवली आणि ओढलं. ठिणगी आली! कॉइल ठणठणीत. म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला टेकतेय. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडली का म्हणून वायर बोटाने चाचपत गेलो. शाबूत. जोड परत लावला. मग क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागाच्या, पोटातून बाहेर येणारी पिवळी वायर सोडवली. ती जाते तेल कमी झाल्याचं ओळखणाऱ्या स्विचला. ओढलं. ठिणगी!

आता कळलं. क्रँककेसमध्ये एक तरंगता स्विच असतो. तेल खाली गेलं की तरंगा खाली बसतो, वायर बॉडीला टेकते, ठिणगी बंद. इंजिन सुरूच होत नाही आणि त्यामुळे वाचतं. काही यंत्रांवर यासाठी लाल दिवा असतो, या पंपाला नव्हता. पेट्रोल, प्लग, कार्बोरेटर सगळं नीट असताना यंत्र मुकं होतं ते असं.

तेलाची काडी काढली, पुसली. आणि इथे माझी पहिल्या दिवसाची चूक ध्यानात आली. या इंजिनाची काडी झाकणालाच असते आणि झाकणाला आटे असतात. तेल बघताना काडी आट्यांवर नुसती टेकवायची, फिरवून आवळायची नाही. मी दुकानात आवळून बघितली होती. आवळली की काडी खोल जाते, तेल तिच्यावर जास्त वर लागतं आणि कमी असलेलं तेल पुरेसं दिसतं. शिवाय इंजिन सपाट असतानाच बघायचं. पंप उचलून सपाट कातळावर ठेवला, काडी नुसती टेकवली. तेल खालच्या खुणेच्याही खाली. या इंजिनात सुमारे ६०० मिली तेल मावतं. खुणेपर्यंत भरायला दीडशे मिली लागलं.

घरी, दुकानात, सपाटीवर साडेचारशे मिली तेल तरंग्याला कसंबसं उचलून धरत होतं. पऱ्याच्या उतारावर तेल एका बाजूला धावायचं आणि तरंगा नेमका वरच्या बाजूला कोरडा पडायचा. मोबाइलवर कोन मोजला. १४ अंश. अशा इंजिनांच्या माहितीपुस्तकात साधारण २० अंशांची मर्यादा दिलेली असते, पण तेल भरलेलं आहे असं धरून.

एवढ्यावर मी थांबणार नव्हतो, कारण चार दिवसांत दोनदा "सापडलं" म्हणून झालं होतं. तेल भरल्यावर पंप मुद्दाम त्याच जागी, त्याच दोन दगडांवर, त्याच कोनात ठेवला. सगळ्या वायरी जोडलेल्या. ठिणगी आहे. इंजिन दुसऱ्या दोरीला सुरू. मग बंद करून तेल पुन्हा दीडशे मिली काढलं. ठिणगी नाही. परत भरलं. आहे. भाचा म्हणाला, "पुरे की आता." पण दोष बोलावल्यावर येतो आणि घालवल्यावर जातो हे दिसल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडत नाही.

काका म्हणाले, "ती पिवळी वायर तोडूनच टाका ना. कटकट नको." असं करून देणारे पुष्कळ आहेत. मी देत नाही. या इंजिनात तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक पळीसारखं टोक असतं, ते प्रत्येक फेऱ्याला तेलात बुडतं आणि तेल आतल्या भागांवर उडवतं. तेल खाली गेलं की पळी हवेत फिरते, रॉड क्रँकवर आवळतो आणि बरेचदा तुटून क्रँककेस फोडून बाहेर येतो. तपासण्यापुरती, दोरी ओढायला लागतात तेवढ्या वेळापुरती ती वायर सोडवावी, आणि त्याच हाताने परत लावावी.

जागेचाही बंदोबस्त केला. बंधाऱ्याशेजारी काठाची माती थोडी खणली, जांभ्याचे चार चिरे बसवले, पाणी अर्धं भरलेली बाटली आडवी ठेवून सपाटी बघितली. पंप आता चिऱ्यांवर बसतो.

तेल गेलं कुठे

एवढं झाल्यावर एक धागा लोंबकळत राहिला. दीडशे मिली तेल गेलं कुठे? धूर निळा नव्हता. सीलमधून गळती नव्हती. गेल्या हंगामात इंजिनाने थोडंथोडं प्यायलं असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलचं काम निघणार, आणि तसं काकांना आत्ताच सांगायला हवं.

परत येताना गाडीत भाच्याला विचारलं, तू टाकी रिकामी केलीस ती कशी? "उलटा केला पंप. कॅनवर धरून." कुठल्या बाजूला? त्याने हातानेच दाखवलं. कार्बोरेटर खाली.

क्रँककेसला श्वास घ्यायला एक नळी असते आणि ती एअर फिल्टरच्या डब्यात उघडते. इंजिन कार्बोरेटरच्या बाजूला कलंडलं की तेल त्या नळीने फिल्टरमध्ये जातं. म्हणून असलं इंजिन कलंडवायचंच झालं तर कार्बोरेटर आणि फिल्टर वर राहील असं कलंडवावं, आणि टाकी रिकामी करायला कॉक किंवा वाटीचा बोल्ट आहेच. मी पहिल्या दिवशी जो थबथबलेला फोम पिळला तो या उत्तराने भरलेला होता. मी पिळून पुसून टाकला आणि वर "फिल्टर साफ" लिहून ठेवलं.

तेव्हा हा पहिल्या दोषाच्या उपायातून जन्मलेला दुसरा दोष. पागोळ्यांचं पाणी टाकीत शिरलं नसतं तर भाच्याने पंप उलटा केला नसता. मी पहिला दोष काढला आणि दुसरा उघडा पडला, पण दोघांचं लक्षण एकच: दोरी ओढा, काही होत नाही. मी दुसऱ्या वेळीही पहिलाच दोष शोधत राहिलो.

काकांकडून फक्त पहिल्या दिवसाच्या साफसफाईचे आणि तेलाचे पैसे घेतले. प्लगची कॅप माझ्या खाती. तेल मात्र सगळंच बदलायला सांगितलं, कारण अशा इंजिनांना ते दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं असतं आणि यात गेल्या हंगामाचंच होतं. मेअखेर ठेवताना काय करायचं तेही सांगितलं: टाकी रिकामी, मग कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं म्हणजे वाटीही कोरडी होते. प्लग काढून आत चमचाभर तेल, प्लग परत लावायचा, दोरी हळू ओढत जड लागेल तिथे सोडायची. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दमट हवा आत जात नाही. आणि पडवीत आतल्या भिंतीशी, पागोळ्यांपासून लांब.

गड्याने बंधाऱ्यावर नारळ दिलाच. प्रसादाचं खोबरं मलाही आलं.

पंधरा दिवसांनी त्या बाजूला काम होतं म्हणून पऱ्यावर उतरलो. पंप रोज दोन-अडीच तास चालत होता. बंद करवून, थंड होऊ दिला, काडी नुसती टेकवून बघितली. तेल भरलेल्या खुणेलाच होतं, केसभरही खाली नाही. इंजिन तेल पीत नव्हतं. जे गेलं होतं ते भाच्याने फिल्टरला पाजलं होतं.